नरसंहाराची बातमी आली की गावात बसून काय करायचं

मागच्या वर्षी दिवाळी झाली अन् चारपाच दिवसांत आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आफ्रिकेतल्या सुदानचे व्हिडिओ यायला लागले. दारफूर भागातलं अल फाशेर नावाचं शहर, दीड वर्ष वेढ्यात होतं, २६ ऑक्टोबर २०२५ ला तिथल्या सरकारी सैन्याशी लढणाऱ्या आरएसएफ नावाच्या निमलष्करी फौजेने ते घेतलं अन् पुढे जे झालं ते मारणाऱ्यांनी स्वतःच मोबाईलवर शूट केलं. आमच्याकडे सोयाबीन निघालेलं, सीतादही होऊन कापसाची वेचणी लागलेली, लोक दिवसभर वावरात अन् रात्री जेवणं झाली की ते व्हिडिओ. पोरं बेचैन झाली. कोणीतरी म्हटलं मदत पाठवू, अन् दोन दिवसांत समाजमंदिरात अकरा पोते कपडे जमा झाले, लुगडी, ब्लँकेटं, लहान्या लेकरांचे स्वेटर, एका आजीने तर नवीन कोरी सोलापुरी चादर आणून दिली.

माझं गावात सीएससी सेंटर आहे, सातबारा, पीक विमा, केवायसी, पैसे पाठवणं सगळं माझ्याकडेच होतं, म्हणून पोते पाठवायचं कामही माझ्याकडे आलं. मी चार दिवस फोन करत होतो. एकही पोतं गेलं नाही. पार्सलवाल्यांनी जो खर्च सांगितला त्यात नवीन कपडे आले असते, अन् मदत संस्थेतल्या बाईंनी शांतपणे समजावलं की दादा, कपडे तिथे पोचत नाहीत, पोचले तरी वाटायला माणूस अन् रस्ता लागतो. त्याच आठवड्यात सुदानच्या मदतीच्या नावाने फिरणाऱ्या एका क्यूआर कोडवर गावातल्या चौघांचे मिळून साडेतीन हजार रुपये गेले, ते कोणाकडे गेले ते आजपर्यंत कळलं नाही. पोते शेवटी थंडीत वीटभट्टीवरच्या मजुरांना वाटले. चादर देणाऱ्या आजीने मला विचारलं, "थे पोचली का रे बाबू तिकडं?" मी खोटं बोलू शकलो नाही.

त्यानंतर मी अन् घरची (ती अंगणवाडी सेविका आहे) आम्ही दोघांनी नीट वाचायला घेतलं, गावात लोकांना बसवून बोललो, अन् जे हाती लागलं ते इथे लिहून राह्यलो. तुमच्या गावात असा व्हिडिओ आला, अन् येणारच, तर काय करायचं, कोणत्या क्रमाने, ते.

सगळ्यात आधी, व्हिडिओ पुढे ढकलायचा नाही. त्याचा स्क्रीनशॉट घ्या, गुगल लेन्समध्ये टाका, तोच फोटो आधी कधी कुठे आला ते पाहा. आमच्या ग्रुपवर आलेल्या नऊ व्हिडिओंपैकी तीन जुने निघाले अन् एक तर सुदानचा नव्हताच. कोणी म्हणेल काय फरक पडतो, मेलेली माणसं तर खरीच आहेत. फरक पडतो राजेहो. उद्या मारणारे तेवढा एक खोटा व्हिडिओ हातात धरून म्हणतात की पाहा, सगळंच खोटं आहे. खऱ्या मेलेल्यांवर तो दुसऱ्यांदा अन्याय होतो. अन् खरा निघाला तरी प्रेताचा व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका, ग्रुपात शाळेतली लेकरं आहेत, अन् तो जो रस्त्यावर पडलाय तो कोणाचा तरी बाप आहे. कुठलं गाव, कोणती तारीख, कोण सांगून राह्यलं, एवढं दोन ओळीत लिहून टाका.

मग शब्दाचं पाहा. नरसंहार हा शब्द रागात वापरायचा नाही, त्याला माप आहे. राफाएल लेमकिन नावाचे पोलंडचे ज्यू वकील होते, त्यांनी १९४४ साली जेनोसाइड हा शब्द बनवला, त्यांच्या स्वतःच्या नातलगांपैकी ४९ जण हिटलरच्या काळात मारले गेले होते. पुढे त्यांनी एकट्याने देशोदेशीच्या प्रतिनिधींच्या मागे लागून लागून तो कायद्यात आणला, अन् ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी करार मंजूर केला. त्या करारात म्हटलंय की एखाद्या राष्ट्राच्या, वंशाच्या, जमातीच्या किंवा धर्माच्या लोकांचा गट पूर्ण किंवा काही अंशी संपवायच्या हेतूने केलेली पाच प्रकारची कृत्यं म्हणजे नरसंहार: माणसं मारणं, शरीराला किंवा मनाला गंभीर इजा करणं, गट संपेल अशी जगण्याची परिस्थिती मुद्दाम लादणं, त्या गटात लेकरं जन्मू नयेत असे उपाय करणं, अन् त्यांची लेकरं जबरदस्तीने दुसऱ्या गटात नेणं. म्हणजे पाचातलं एकच बंदुकीचं आहे. बाकीचे न मारताही होतात. तिसरं लक्षात ठेवा, पुढे त्यावरच बोलायचंय.

अन् हेतू हा शब्द सगळ्यात अवघड. किती मेले यावरून कोर्ट ठरवत नाही, कशासाठी मारले यावरून ठरवतं, म्हणून वर्षानुवर्षं लागतात. आपल्या विदर्भातल्या माणसाला हे समजायला लांब जायची गरज नाही. भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ ला एका दलित कुटुंबातली चार माणसं मारली, कोर्टाने खुनाची शिक्षा दिली पण ॲट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. लोकांना ते काऊन झोंबलं? कारण खून झाला एवढंच सांगितलं तर तो जातीमुळे झाला हे कागदावरून पुसलं जातं. खैरलांजी म्हणजे नरसंहार नव्हे, ते जातीय हत्याकांड, दोन्हींचे कायदे वेगळे, पण शब्दासाठी का भांडावं लागतं हे आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीतल्या माणसांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं, मला एक तास लागला असता समजावायला.

शब्द टाळला तर काय होतं ते रवांडात दिसलं. ६ एप्रिल १९९४ ला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं अन् दुसऱ्या दिवसापासून साधारण १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, मारणारे हुतू जमातीतले कट्टर, मेलेले बहुतेक तुत्सी जमातीचे, अन् त्यांच्या बाजूने उभे राहिलेले हुतूसुद्धा. तिथे यूएनची शांतिसेना होती, तिचे प्रमुख जनरल रोमेओ दालेर यांनी जानेवारीतच न्यूयॉर्कला कळवलं होतं की शस्त्रं लपवली आहेत, लोकांच्या याद्या बनून राह्यल्या. कत्तल सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने सैन्य वाढवायच्या ऐवजी कमी करून २७० माणसांवर आणायचा ठराव केला. अन् अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या जूनमध्येही नरसंहार न म्हणता नरसंहाराची कृत्यं असं घुमवून बोलत होत्या, कारण सरळ शब्द उच्चारला की करारानुसार थांबवायची जबाबदारी येते.

म्हणून बातमी वाचताना नेहमी लिहून ठेवा की नरसंहार कोण म्हणतंय अन् प्रकरण कोणत्या पायरीवर आहे. रवांडाचा निकाल लागला, तिथल्या खटल्यासाठी टांझानियात आरुशाला कोर्ट बसवलं होतं, १९९८ मध्ये आकायेसू नावाच्या एका नगरप्रमुखाला नरसंहारासाठी दोषी ठरवलं, आंतरराष्ट्रीय कोर्टाने खटला चालवून दिलेला तसा तो पहिलाच निकाल. बोस्नियात स्रेब्रेनित्साला जुलै १९९५ मध्ये सर्ब फौजेने ८ हजारांवर मुसलमान पुरुष अन् पोरं मारली, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये तो नरसंहार होता असं सांगितलं. म्यानमारमधल्या रोहिंग्या मुसलमानांची केस आफ्रिकेतल्या गांबिया नावाच्या छोट्याशा देशाने २०१९ मध्ये म्यानमारवर टाकली, इतक्या लांबच्या देशाने, मला त्या देशाबद्दल फार आदर वाटतो. गाझाबद्दल दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३ मध्ये केस केली, जानेवारी २०२४ मध्ये कोर्टाने इस्रायलला तातडीचे आदेश दिले, सप्टेंबर २०२५ मध्ये यूएनच्या चौकशी आयोगाने हा नरसंहार आहे असा निष्कर्ष काढला, इस्रायल ते नाकारतो, अन् कोर्टाचा अंतिम निकाल यायचा आहे. सुदानबद्दल अमेरिकेच्या सरकारने ७ जानेवारी २०२५ ला जाहीर केलं की आरएसएफने नरसंहार केला. एवढं नीट सांगितलं की पारावर भांडण होत नाही. आमच्याकडे गाझावरून दोन पोरांची हमरीतुमरी झाली होती, मी दोघांना वहीत हेच लिहायला लावलं, कोण म्हणालं, कधी म्हणालं, तर दोघंही शांत बसून वाचायला लागले.

आता मुख्य गोष्ट, जी आम्ही पोते भरताना पाहिलीच नव्हती. मदत काय पाठवू हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न आहे की रस्ता कोणी बंद केला.

अल फाशेरच्या भोवती आरएसएफने मातीचा बांध घातला होता, सॅटेलाइटच्या फोटोत तो स्पष्ट दिसतो, आपण वावराला धुरा घालतो तसा, पण माणसापेक्षा उंच अन् अख्ख्या शहराला वेढा घालणारा. आत अन्न जाऊ नये, आतला माणूस बाहेर निघू नये. वर सांगितलं ना, तिसरं कृत्य, जगण्याची परिस्थितीच अशी करून टाकायची, ते हेच. आतल्या लोकांनी शेवटी काय खाल्लं तर अंबाज. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो तो, म्हणजे ढेप. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा मागे बसलेल्या एका बाईने विचारलं, "म्हणजे आपण ढोराईले चारतो थेच?" मी म्हटलं, हो बाई, थेच. नंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

अन् रस्ता फक्त एकच बाजू बंद करते असं समजू नका. चाडमधून दारफूरमध्ये शिरायचा आद्रेचा मार्ग सुदानच्या सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केला होता, तो ऑगस्टमध्ये उघडला. मधले महिने पेरणीआधीचे अन् पावसाचे, घरातलं धान्य संपलेलं, नवीन यायचं असतं. आपल्याकडे आखाडात घरात काय असतं ते आठवा. त्याच ऑगस्टमध्ये अल फाशेरजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला.

दुष्काळ जाहीर होतो म्हणजे कोणीतरी टीव्हीवर बोलतं असं नाही, त्यालाही माप आहे. आयपीसी नावाची भूक मोजायची पद्धत आहे, पाच पायऱ्यांची, पाचवी म्हणजे दुष्काळ: पाचातल्या एका घरात खायलाच नाही, १०० लेकरांमागे ३० लेकरं तीव्र कुपोषित, अन् १०,००० माणसांमागे रोज २ जण भुकेने किंवा भूक अन् आजार मिळून मरतात. लेकरांचं कुपोषण मोजायला जी पट्टी वापरतात तीच आमच्या घरी खुंटीला टांगलेली असते, दंडघेर पट्टी. घरचीने ती बैठकीत आणली. डाव्या दंडाच्या मधोमध बांधायची, ११.५ सेंटिमीटरच्या खाली आली की लाल, म्हणजे सॅम, अति तीव्र कुपोषण, लेकरू धोक्यात. तिने पट्टी लाल खुणेवर आणून गोल धरली अन् सगळ्यांच्या हातून फिरवली. मी त्या गोलात बोटं घालून पाहिली, दोन गेली, तिसरं गेलं नाही. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या लेकराचा अख्खा दंड तेवढा. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे काम केलेल्या आमच्या एका पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या की ही पट्टी जगभर सारखीच, बांगलादेशातल्या रोहिंग्यांच्या छावणीत कॉक्स बाजारला तीच, झमझमला तीच. तुमच्या गावात बैठक घेतली तर अंगणवाडीच्या ताईंना नक्की बोलवा अन् पट्टी आणायला सांगा. दहा व्हिडिओंनी जे होत नाही ते त्या पट्टीने होतं.

असं लेकरू सापडलं की त्याला भात-वरण लगेच पचत नाही, त्याला शेंगदाणा, दूध पावडर, साखर अन् तेलाची पातळ पेस्ट देतात, ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० कॅलरी, कालवायला पाणी नको, चूल नको, फाडायचं अन् चाटवायचं. तुमची देणगी बहुतेक वेळा अशा पाकिटात, क्लोरीनच्या गोळीत, टँकरच्या डिझेलमध्ये जाते. ब्लँकेटात कमीच.

पाण्याचंही माप आहे, माणसी दिवसाला कमीत कमी १५ लिटर, पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं धरून. म्हणजे साधारण एक गुंड. उन्हाळ्यात टँकरच्या लाइनीत उभी राहिलेली कोणतीही बाई सांगेल की एका गुंडात काय होतं अन् काय नाही होत. हे माप आलं कुठून, तर एका फार मोठ्या चुकीतून, अन् ती चूक समजल्याशिवाय मदत द्यायला बसू नका.

ती गोमाची. आमच्या गावचे एक सुभेदार काका रिटायर होऊन आलेत, ते यूएनच्या मिशनवर काँगोत गोमाच्या भागात होते, कत्तलीनंतर खूप वर्षांनी. ते सांगतात तिथली जमीन म्हणजे ज्वालामुखीचा काळा दगड, "कुदळ मारली का ठिणगी उडते, माती नाहीच." जुलै १९९४ मध्ये रवांडात तुत्सींच्या आरपीएफ नावाच्या बंडखोर फौजेने सत्ता घेतली अन् काही दिवसांत पाच ते आठ लाख हुतू सीमा ओलांडून त्या दगडावर येऊन बसले. संडास खोदता येईना, खड्डा खणून प्रेत पुरता येईना, पाणी किवू सरोवराचं. कॉलरा आला. पहिल्या एका महिन्यात ५० हजारांच्या आसपास माणसं मेली. जगभरातून विमानं भरभरून मदत आली, संस्था एवढ्या की कोण कुठे काम करतंय कोणाला पत्ता नाही.

पण त्या छावण्यांत नुसते निर्वासित नव्हते. ज्यांनी कत्तल केली ते सैनिक अन् इंतेराहाम्वे टोळीवाले त्याच गर्दीतून आले होते, अन् त्यांनी छावणीचा ताबा घेतला. रेशनची यादी त्यांची, वाटप त्यांच्या हातून, उरलेलं विकून पैसा त्यांचा, परत जायचं म्हणणाऱ्याला धमकी त्यांची. मेलेल्यांच्या नावाने आलेलं धान्य मारणाऱ्यांना पोसत होतं. नोव्हेंबर १९९४ मध्ये एमएसएफ नावाच्या डॉक्टरांच्या मदत संस्थेच्या फ्रेंच शाखेने जाहीर करून काम बंद केलं अन् ती निघून गेली. डॉक्टरांनी पेशंट सोडून जायचं ठरवणं किती जड गेलं असेल. दुसऱ्या काही संस्था थांबल्या, म्हणाल्या की लेकरांचा काय गुन्हा. मी दोन्ही बाजू खूपदा वाचल्या, अन् माझं मन जाणाऱ्यांकडे झुकतं, पण थांबलेल्यांना मी दोष देऊ शकत नाही. त्या चुकीच्या चौकशीतून पुढे १९९७ मध्ये स्फिअर नावाची किमान मापं ठरवायला सुरुवात झाली, ते १५ लिटर पाणी त्यातलंच, साडेतीन चौरस मीटर छप्पर माणशी त्यातलंच.

रेशन दुकानाचा अनुभव आपल्याला आहे. यादी कोण करतं, नाव कोण कापतं, काट्यावर कोण बसतं, हे तीन प्रश्न आपण गावात विचारतो ना? तेच तीन प्रश्न मदतीच्या बातमीला विचारा. संस्थेच्या वेबसाइटवर उत्तर नसेल तर ईमेल करा, चांगल्या संस्था उत्तर देतात.

स्रेब्रेनित्साचं थोडक्यात सांगतो. १९९३ मध्ये यूएनने ते सुरक्षित क्षेत्र जाहीर केलं, लोक त्या भरवशावर तिथे जमले, अन्नाचे ट्रक कसेबसे जात होते, राखायला डच सैनिक होते, अन् दोन वर्षांनी सर्ब फौज शिरली तेव्हा कोणी अडवलं नाही. पोळी पोचली, संरक्षण पोचलं नाही. धान्याने कत्तल थांबत नाही, हे मी आता ठामपणे सांगतो. मदत जगवते, पण मारणाऱ्याचा हात धरायचं काम सरकारांचं आहे.

तरीही पैसे द्या. नक्की द्या. कारण पैसा आटला की काय होतं तेही पाहा: बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावणीत म्यानमारमधून आलेले रोहिंग्या आहेत, ऑगस्ट २०१७ नंतर ७ लाखांवर आले, त्यांना महिन्याला माणशी १२ डॉलरचं अन्नाचं कूपन मिळायचं, २०२३ च्या मार्चमध्ये ते १० झालं अन् जूनमध्ये ८. तेव्हाच्या भावाने साडेसहाशे रुपये, महिनाभराचे. नंतर वाढवलं, पण ते आकडे त्या घरांतल्या लेकरांच्या दंडावर उमटले असणार. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही परदेशी मदतीची सरकारी संस्था बंद केली, जगभरच्या मदतीचा मोठा खांब गेला, तेव्हा आता छोट्या देणगीलाही आधीपेक्षा जास्त वजन आहे.

आपल्या माणसांनी छोटी देणगी पूर्वी दिलेली आहे, विसरून गेलो एवढंच. माझ्या आजीच्या पेटीत १९७२ चं एक पत्र आहे, मामाने लिहिलेलं, त्यावर नेहमीच्या तिकिटाच्या बाजूला ५ पैशांचं वेगळं तिकीट, कुटुंब नियोजनाचं, वरून रिफ्यूजी रिलीफ असा छाप मारलेला. २५ मार्च १९७१ ला पाकिस्तानी सैन्याने पूर्व पाकिस्तानात कत्तल सुरू केली अन् साधारण १ कोटी माणसं भारतात आली, त्यांच्या खर्चासाठी सरकारने पत्रावर ते जादा तिकीट सक्तीचं केलं होतं. म्हणजे विदर्भातल्या खेड्यातून कोणी बहिणीला खुशाली कळवली तरी ५ पैसे निर्वासितांना जात होते. घरात जुनी पत्रं असतील तर काढून पाहा, सापडलं तर बैठकीत आणा. त्याच वेळी बंगालच्या सीमेवर बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाइकांच्या हातूनच पाजायला सुरुवात केली, मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. आपल्या आशाताई जे ओआरएसचं पाकीट देतात त्यामागे ती छावणी आहे. पाकीट नसलं तर एक लिटर उकळून थंड केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, त्याच छोट्या चमच्याने अर्धा सपाट चमचा मीठ, जास्त मीठ अजिबात नाही.

पैसे देताना मी सेंटरवर आता काय पाहतो ते सांगतो. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव कोणाचं येतं ते वाचायचं, संस्थेऐवजी कोण्या माणसाचं नाव दिसलं की तिथेच थांबायचं. फॉरवर्डमधल्या लिंकवरून कधीच नाही, संस्थेची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडायची. भारतातली संस्था असेल तर तिचा एनजीओ दर्पण या सरकारी नोंदणीचा नंबर मागायचा, करसवलतीची ८०जी पावती देता का विचारायचं. अन् एक प्रश्न लोक विचारत नाहीत पण विचारायलाच पाहिजे: हा पैसा सुदानला जाणार का भारतातल्या कामाला? बऱ्याच मोठ्या संस्थांची भारतातली शाखा इथे जमवलेला पैसा इथेच वापरते, त्यात वाईट काही नाही, पण देणाऱ्याला माहीत पाहिजे. सगळे मिळून एकदाच पाच हजार देण्यापेक्षा दहा घरांनी महिन्याला पन्नास पन्नास दिले तर संस्थेला पुढचं ठरवता येतं. अन् अमुकच वस्तूसाठी अशी अट घालू नका, छावणीत आज पाणी लागेल उद्या औषध, ते तिथल्या माणसाला कळतं. सुदानमध्ये तिथल्याच पोरापोरींनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात मदत खोल्या काढल्या, मोठ्या पातेल्यात शिजवून वाटतात, त्यांना २०२५ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. मोठ्या संस्थेला विचारा की तुमचा किती पैसा अशा स्थानिक स्वयंपाकघरांना जातो. फसवले गेलात तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवायची शक्यता जास्त. आमच्या चौघांनी आठ दिवस सांगितलंच नाही, तिथेच पैसे गेले.

गावात बैठक घ्यायची तर वेळ पाहून घ्या. वेचणीच्या दिवसांत बाया थकून येतात, उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे कापूस संपल्यावर, लोक मोकळे असतात, आम्ही फेब्रुवारीत घेतली. प्रोजेक्टर नसला तरी चालतं, शाळेतून जगाचा नकाशा आणा, रवांडा कुठे, सुदान कुठे, बोटाने दाखवू द्या लोकांना. प्रेतांचे फोटो नकोत. गावातल्या कोणत्याही समाजाकडे बोट जाईल असं उदाहरण देऊ नका, कोणी द्यायला लागलं तर वडीलधाऱ्याने तिथेच थांबवायचं. गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत, तुम्ही त्या बाजूचे असाल तर एखाद्या आजोबांना बोलवा, घर सोडताना काय उचललं एवढंच विचारा.

अन् ग्रुप ॲडमिन असाल तर हे तुमच्यासाठी. रवांडात कत्तलीआधी आरटीएलएम नावाचं रेडिओ स्टेशन होतं, १९९३ मध्ये सुरू झालं, गाणी लावायचं, गप्पा मारायचं, तरुणांना फार आवडायचं. त्यात गाण्यांच्या मधेमधे तुत्सींना इन्येन्झी म्हणायचे. इन्येन्झी म्हणजे झुरळ. रोज ऐकून ऐकून कानाला सवय झाली, अन् एप्रिलमध्ये त्याच रेडिओवरून नावं अन् पत्ते सांगायला लागले. ओळखपत्रावर जमात लिहिलेली होतीच, बेल्जियमच्या राजवटीत १९३० च्या दशकात सुरू केलेली, नाक्यावर कार्ड दाखवलं की जीव गेला. म्हणून माझ्या ग्रुपवर मी एक नियम केलाय: कोणत्याही जातीच्या, धर्माच्या माणसांना किडा, साप, वाळवी, घाण म्हटलेला मेसेज आला की डिलीट, अन् टाकणाऱ्याला फोन करून बोलायचं, ग्रुपवर नाही. माझ्या सख्ख्या चुलतभावाचा मेसेज मी काढलाय. तो महिनाभर बोलला नाही, आता बोलतो.

शेवटचं काम पत्राचं. भारताने नरसंहाराच्या करारावर १९४९ मध्ये सही केली, १९५९ मध्ये तो मान्य केला, त्याच्या कलम ५ नुसार प्रत्येक देशाने आपल्याकडे कायदा करायचा असतो, अन् आपल्याकडे नरसंहारासाठी वेगळा कायदा आजही नाही. खासदाराला साधं मराठीत पत्र लिहा, एका पानाचं. पहिल्या ओळीत कोण, कोणत्या गावचे. मग दोनच प्रश्न, हा कायदा कधी होणार, अन् सुदानच्या उपाशी लोकांसाठी सरकारने किती अन् काय पाठवलं, हे अधिवेशनात विचारणार का. खाली गावातल्या जितक्यांची सही मिळेल तितक्या, अंगठाही चालतो. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, झेरॉक्स काढून ठेवा. आमचं पत्र १२ मार्चला गेलं, ६३ सह्या अन् ९ अंगठे, त्यात चादरवाल्या आजीचा पहिला. उत्तर आलेलं नाही. पावसाळी अधिवेशनाच्या आधी दुसरं पाठवायचं ठरलंय, त्यात पहिल्या पत्राची तारीख अन् पावतीचा नंबर टाकणार आहोत.